डावा कोयता

माझ्या डाव्या हाताला आमच्या घरात एखाद्या वाया गेलेल्या दिरासारखं वागवत. तो होता, घरातच राहत होता, कामालाही येत होता, पण पाहुण्यांसमोर त्याचा विषय काढायचा नाही. माय त्याला 'मेला' म्हणायची. भाकरी थापताना मी चुकून त्या हाताने सुरुवात केली की चुलीपुढून आवाज यायचा, "मेल्याला मागं घे." मी मागे घ्यायचे. उजव्या हाताने थापलेल्या माझ्या भाकरीला कधी गोल आकार आला नाही. आबा, म्हणजे माझे वडील, ती उजेडात धरायचे, हा बीड जिल्ह्याचा नकाशा आहे म्हणायचे आणि यात वडवणी कुठे ते धाकट्या भावाला दाखवायला लावायचे. तो जिथे बोट ठेवील तो तुकडा त्याचा. कडेला करपलेली ती जाड बाजरीची भाकरी आणि पाट्यावर वाटलेला शेंगदाण्याचा ठेचा, वर माझ्या हाताची टिंगल, असं आमचं जेवण असायचं. आम्ही हसत जेवायचो, मीसुद्धा. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्या हाताची दया यायची, हेही खरं आहे.

मायने उपाय काही कमी केले नाहीत. आबांच्या जुन्या पटक्याची चिंधी काढून जेवताना तो हात कमरेला बांधला. एकदा त्याला ठेचा चोळला, तेव्हा मी त्याच हाताने डोळा चोळला आणि दोन दिवस घरातल्या सगळ्यांना माझी सेवा करावी लागली. शेवटी तिने नारायणगडाला नवस बोलला, की पोरीचा हात सरळ होऊ दे, पाच नारळ वाहीन. हेडमास्तरांचा उपाय नवसापेक्षा जलद होता. त्यांच्याकडे सागाची पट्टी होती. चौथीत जाईपर्यंत मी उजव्या हाताने लिहायला लागले, जेवायला लागले, पैसेही त्याच हाताने द्यायला-घ्यायला लागले. विळा, सुई, दगड आणि दोरी एवढ्या चार गोष्टी मात्र डाव्या हाताकडेच राहिल्या, कारण तिथे पट्टी घेऊन कोणी उभं नव्हतं. माय कपाळाला हात लावायची आणि हिला कोण करून घेणार म्हणायची. डाव्या हाताने वाढणारी सून आली की घरातली बरकत जाते, असं तिला तिच्या आईने सांगितलं होतं आणि तिने ते कधी तपासून पाहिलं नव्हतं.

आबा आणि माय दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे. मी आणि भाऊ चुलतीकडे राहायचो, म्हणून माझी शाळा सुटली नाही. आमच्या गावच्या उपकेंद्रात एक नर्सबाई होत्या. बारावीची परीक्षा झाल्यावर मी दिवसभर त्यांच्याकडेच पडून असायचे. त्यांनी मला जखम धुवायला शिकवलं, पट्टी बांधायला शिकवलं. तुझी पट्टी उलटी बसते, पण सुटत नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांनीच बीडच्या नर्सिंगचा फॉर्म आणला, भरून घेतला, पोस्टात टाकला. माझा नंबर लागला. पत्र आलं त्या दिवशी मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. पंचवीस दिवसांत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आबांनी ते देवाच्या फोटोमागे खोचलं आणि "बघू" म्हणाले. आबांच्या 'बघू'त हो आणि नाही दोन्ही असायचं. मला त्यातलं हो हवं होतं. इतकं की मी भाकऱ्या गोल करायला लागले.

आणि मग लिंबाजी मुकादम आला. हा मायचा चुलतभाऊ, म्हणून माझा मामा. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. हंगामाच्या आधी मुकादम कोयत्यामागे आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धीच. हे सगळ्यांना माहीत असलेलं शास्त्र. लिंबाजीमामाने त्या साली त्यात स्वतःच्या डोक्याने भर घातली होती. त्याचं म्हणणं असं, की उजव्या हाताचा माणूस बांधाच्या कडेची सरी तोडायला गेला की त्याचा हात बाभळीच्या काट्यात अडकतो. म्हणून त्या सऱ्या मागे राहतात, मागे राहिल्या की गाडी उशिरा भरते, आणि टोळीची कमाई बुडते. डावऱ्या माणसाचा हात मोकळ्या बाजूला चालतो. तेव्हा प्रत्येक टोळीत एक कोयता असा पाहिजे की ज्यात नवराही डावरा आणि बायकोही डावरी. एक डावा आणि एक उजवा असेल तर दोघांचे कोयते एकमेकांच्या अंगावर येतात, तो कोयताच नव्हे. अशा अस्सल डाव्या कोयत्याला तो दीडपट उचल द्यायला तयार होता. सरीत उलट्या टोकाकडून शिरलं तर उजव्यालाही बांधाची बाजू मोकळी मिळते, ही गोष्ट त्या दिवशी आमच्या ओसरीवर बसलेल्या चौदा माणसांपैकी एकालाही सुचली नाही. मलाही ती सुचली तेव्हा मला चष्मा लागलेला होता.

मामाला कपिलधारच्या बाजूच्या एका गावात अंकुश नावाचा डावरा पोरगा सापडला होता. चांगला, कष्टाळू, बिनव्यसनी. आता डावरी पोरगी पाहिजे होती. तो पाच तालुके हिंडला, पण जिथे जाईल तिथे पोरीचे आईबाप छातीवर हात ठेवून सांगायचे, आमची पोरगी उजवीच आहे. आणि मग मामाला आठवलं की आपल्याच भाचीचा एक हात मेला म्हणून ओळखला जातो. हुंडा नाही, मांडवाचा खर्च पोराकडचा, शिवाय आबा-मायलाही यंदा चांगली उचल. आबांचा चेहरा मी आजही विसरले नाही. ते लोभी नव्हते. त्यांना नुसता आनंद झाला होता, की अठरा वर्षं ज्या हाताची लाज वाटली त्याला आज मागणी आली. ते माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, "सिंधे, तुहा हात कामाला आला बघ." मायने उठून माझ्या डाव्या हातावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. पत्राचं काय, असं मी विचारलं. आबा म्हणाले, बघू. या खेपेच्या 'बघू'त नुसतं नाही होतं.

पाहुणे आठ दिवसांनी येणार होते. त्या आठ दिवसांत आमचं घर उलटं चालायला लागलं. मी उजव्या हाताने झाडू घेतला की माय हिसकावून डाव्यात द्यायची. तीच चिंधी आता माझ्या उजव्या हाताला बांधली गेली. जेवण मात्र उजव्यानेच, त्यावर ती हटून बसली. काम कसंही कर पण अन्न उजव्यानेच खायचं, म्हणून मला जेवणापुरती सुट्टी मिळायची. मध्येच तिच्या लक्षात आलं की नारायणगडाला बोललेला नवस अजून उभाच आहे, आणि आत्ता तो फळला तर सगळं संपलं. एका संध्याकाळी तिने अंगणात गडाच्या दिशेला तोंड करून उदबत्ती लावली आणि हात जोडून सांगितलं, की इतकी वर्षं जे मागितलं ते आता राहू दे, नारळ मात्र मी आणते. मी ते दारातून पाहिलं आणि मनात म्हटलं, देवा, तिचं ऐकू नको, आधीचंच खरं धर.

कारण माझा बेत ठरला होता. इतकी वर्षं मार खाऊन जो उजवा हात मी कमावला होता, तोच पाहुण्यांपुढे करायचा. त्यात मला अवचित मदत मिळाली. पाहुण्यांनी निरोप धाडला की पोरगी डावरी असल्याचा दाखला तयार ठेवा, मागाहून भानगड नको. आबा ग्रामसेवकाकडे गेले. त्याने रहिवासाचे, जन्माचे, मृत्यूचे कागद उपसले आणि डावरेपणाचा नमुनाच सरकारने दिलेला नाही म्हणाला. मग आबा हेडमास्तरांकडे गेले. ते तर रागावले. आपल्या हाताखालून एकही डावखुरं पोर बाहेर पडलेलं नाही, सिंधूला आपण चौथीत सरळ केलं आहे, आणि तिला डावी लिहून देणं म्हणजे आपल्या नोकरीवर पाणी सोडणं आहे, असं त्यांनी सुनावलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्याविषयी माया वाटली. शेवटी ग्रामसेवकाने दया येऊन एक कागद दिला. 'सदर मुलगी दोन्ही हातांनी धडधाकट आहे', असं त्यावर लिहून शिक्का मारला होता. आबांनी तोही देवाच्या फोटोमागे खोचला, माझ्या पत्राला लागून.

पाहुणे आले. अंकुश, त्याचे वडील, दोन काका आणि लिंबाजीमामा. हातपाय धुवायला पाणी द्यायला मला पाठवलं. घरातले सगळे आत पोह्यांच्या गडबडीत होते आणि बाकीचे पाहुणे पाय धुऊन ओसरीवर टेकले होते, अंकुश तेवढा राहिला होता. मी तांब्या आठ दिवसांच्या सवयीने डाव्या हातात घेतला होता, तो चटकन उजव्यात घेतला. नेमकं त्याच वेळी अंकुशने सवयीने उजवा हात पुढे केला होता, तो चटकन मागे घेऊन डावा पुढे केला. आम्ही दोघांनीही एकमेकांचं पाहिलं. चोर चोराला सापडल्यावर जसं होतं तसं झालं. पाणी त्याच्या मनगटावरून खाली ओघळत राहिलं. मग तो मान वर न करता हळूच म्हणाला, "कावून लपवता?"

मी म्हणाले, "बीडला नर्सिंगला नंबर लागलाय. बारा दिवसांत जायचंय. तुमी कावून लपवता?"

"दीडपट उचल हाय," तो म्हणाला. "घराला पत्रे टाकायचेत. बापानं सांगितलं, डावा हो. महिनाभर झालं, डावाच हाय."

तेवढ्यात आबा दारात आले आणि आम्ही दोघं इमानदार चेहरे करून उभे राहिलो.

परीक्षा अंगणात सुरू झाली. अशी परीक्षा मी पुढे बीडलासुद्धा दिली नाही. मला सुईत दोरा ओवायला सांगितला. मी उजव्या हाताने ओवला, म्हणजे सातव्या खेपेला. कुत्र्याला दगड मारायला सांगितलं. मी उजव्याने मारला, तो अंकुशच्या काकाच्या पायताणाजवळ पडला. काका म्हणाले, नेम नाही, म्हणजे मूळची डावी असणार. दुसरे काका म्हणाले, नाही, डावी असती तर डाव्याने मारला असता. त्यावर वाद झाला. माय दारातून दात-ओठ खात माझ्याकडे बघत होती आणि मामाला सांगत होती, लाजतीय पोरगी, एरवी सगळं डाव्यानंच करते. ज्या गोष्टीसाठी तिने माझ्या हाताला चिंध्या बांधल्या तीच ती आता शपथेवर सांगत होती. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, कारण दोन्ही बाजूंना माझीच माणसं होती.

मग मामाने ठरवलं की खरं काय ते उसातच कळेल. आमच्या शेजारच्या सुदामकाकांनी विहिरीला लागून चार सऱ्या ऊस लावला होता, दिवाळीला वडवणीच्या बाजारात पूजेसाठी विकायला. त्यांना विचारलं. ते म्हणाले, तोडा, पण तोडलेला घेऊन जावा लागेल. सगळी वरात तिकडे निघाली. कडेला बाभळीचं कुंपण होतं, म्हणजे मामाच्या शास्त्राला पाहिजे तसं. पहिला मान नवऱ्या मुलाचा. अंकुशने कोयता डाव्या हातात घेतला. त्याच्या मुठीकडे पाहूनच मला कळलं की काही खरं नाही. तो कोयता त्याने पाहुण्याचं तान्हं मूल धरावं तसा धरला होता. मी तोंड उघडणार तोवर त्याने घाव घातला. ऊस तिथेच उभा राहिला आणि कोयता सटकून त्याच्या डाव्या नडगीवर बसला.

तो खाली बसला. रक्त भळाभळा वाहायला लागलं. माणसं कडेला उभी राहून पाणी आणा, हळद आणा, असं एकमेकांना सांगत होती आणि कोणीच हलत नव्हतं. मी काही ठरवलं नाही. मी धावले, मामाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, जखमेवर तळहात दाबून धरला आणि रक्त ओसरल्यावर पट्टी आवळून गाठ मारली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. वर पाहिलं तेव्हा लिंबाजीमामा वाकून माझ्या गाठीकडे बघत होता. त्याने आयुष्यभर उसाच्या मोळ्या बांधलेल्या बघितल्या होत्या. तो सरळ झाला आणि आनंदाने म्हणाला, "गाठ डावी बसली. पोरगी डावरीच हाय."

मग सगळेच वाकले. आबा, दोन्ही काका, अंकुशचे वडील, सुदामकाका, सगळे त्या पोराच्या रक्ताळलेल्या पायाभोवती ओणवे होऊन गाठ तपासायला लागले. पेच कसा इकडून गेला आणि टोक कसं तिकडून निघालं ते एकमेकांना बोटाने दाखवायला लागले. एका काकाने गाठ सोडून पुन्हा बांधून दाखव म्हटलं, तेव्हा मात्र मी त्यांचा हात झटकला. मायने देवाला हात जोडले. आबांनी साखर आणायला भावाला घरी पिटाळलं. मी माझ्या हाताकडे बघत होते. त्याच्यावर मला आयुष्यात कधी आला नाही इतका राग आला. इतकी वर्षं मी त्याची बाजू घेतली आणि त्याने एका गाठीपायी मला उसाच्या फडात नेऊन उभं केलं.

अंकुश जमिनीवरच बसला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. त्याचे वडील त्याच्या पाठीवर हात ठेवून, झालं आता झालं, म्हणत होते. तो म्हणाला, "मामा, पोरगी डावरी असंल. म्या न्हाई."

कोणाला काही कळलंच नाही. त्याने मग कोयता उजव्या हातात घेतला आणि बसल्या बसल्या शेजारचा ऊस बुडातून एका घावात तोडला. काप इतका साफ होता की सुदामकाकांच्या तोंडून वा निघून गेलं. त्याचे वडील खाली मान घालून उभे राहिले. आबा मामाकडे बघायला लागले. मग म्हणाले, एवढं काय त्यात, पोरगा चांगला आहे, पोरगीही चांगली आहे, एक डावा एक उजवा, चालतं की. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. पण मामाने मान हलवली. त्याचं शास्त्र त्यालाच आडवं आलं होतं, आणि पाच तालुक्यांत सांगत हिंडल्यावर ते आता त्याला मोडता येईना. तो गंभीरपणे म्हणाला, "न्हाई दाजी. एक डावा एक उजवा, ह्यो कोयता न्हाई. ह्ये भांडण हाय. म्या आसल्या जोडीला एक पै बी देणार न्हाई." त्या माणसाने मला आयुष्यात एवढी एकच मोठी मदत केली, आणि तीही मूर्खपणापोटी.

लग्न मोडलं, पण पोहे झालेले होते, म्हणून सगळे पुन्हा आमच्या ओसरीवर येऊन पोहे खाऊन गेले. भावाने आणलेली साखर चहात घातली. नुसते फुरके ऐकू येत होते. सुदामकाका तेवढे तोडलेल्या एका उसाचं काय करायचं ते विचारत होते. पाहुणे निघाले तेव्हा अंकुश लंगडत सगळ्यांत मागे राहिला. मी तांब्या घेऊन दाराशी उभी होते. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. मी म्हणाले, "पट्टी भिजू देऊ नका." तो म्हणाला, "तुमी जावा बीडला. आमचं काय, उजव्या हातानं बी ऊस तुटतोच की." आणि तो बैलगाडीकडे गेला.

लग्नच मोडल्यावर आबांच्या 'बघू'त पुन्हा हो आलं, आणि बाराव्या दिवशी मी बीडला हजर झाले. आबा पोचवायला आले होते आणि होस्टेलच्या फाटकाशी रडले. पुढे तेहतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. अनेकांनी माझ्या डाव्या हाताची सुई टोचून घ्यायला आधी नाही म्हटलं आणि नंतर त्याच हाताने टोचा म्हणून रांगा लावल्या. आज पेन्शन घेते, घर बांधलं आहे, वर स्लॅब आहे. डाव्या हाताने मला काय मिळवून दिलं, असा हिशोब कोणी मागितलाच तर मी हे सगळं दाखवीन.

आबा दिवाळीनंतर कारखान्यावर गेले तेव्हा अंकुश त्याच टोळीत होता. दुसरी मुलगी इतक्या घाईत मिळाली नव्हती, म्हणून तो अर्धा कोयता म्हणून एकटाच आला होता. घरावर पत्रे पडले नव्हते. मला हे आबांनी हंगाम संपल्यावर सांगितलं, तेव्हा माझं पहिलं वर्ष अर्धं झालं होतं. अर्ध्या कोयत्याला अर्धी उचल. त्याची राहिलेली अर्धी माझ्या शिक्षणाला लागली, असंच मी तेव्हापासून धरून चालले आहे. त्याने ती मला कधी मागितली नाही.